ऐंशीच्या खाली आल्यावर बोलू

खोली पाहायला गेलो तेव्हा घरमालक काय काय विचारतील याची उत्तरं मी बसमध्येच पाठ केली होती. गाव कोणतं, नोकरी कुठे, सुटी कोणत्या वारी, अंडी खातो का, मित्र किती येतील. नंदनवनातल्या त्या दुमजली घराचं फाटक उघडलं, तर अंगणात एक उंच, काटकुळे गृहस्थ कूलरमधलं जुनं गवत उपसत बसले होते. माझा नमस्कार त्यांनी ऐकून घेतला, ओले हात पायजम्याला पुसले आणि म्हणाले, "हात दे."

मी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. त्यांनी तो उताणा केला, मनगटावर तीन बोटं टेकवली आणि ओसरीतल्या भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाकडे डोळे लावून बसले. पुरतं एक मिनिट.

"एकशे आठ," ते म्हणाले. "काहून गा? धावत आला का?"

"नाही, बसनं आलो."

"मंग भेऊन राहिला. जिन्यानं वर जा न खाली ये. दोनदा."

मला वाटलं, खोली दाखवायची ही त्यांची पद्धत असेल. पण खोलीला कुलूप होतं. दोनदा कुलूप पाहून मी खाली आलो. त्यांनी पुन्हा मनगट धरलं, आकडा मनाशी पुटपुटले, मला एक मिनिट तसंच उभं ठेवलं आणि परत मोजलं.

"चढणं कोणालेही येते," ते म्हणाले. "उतरणं पाहा लागते. तुहं जराक सावकाश उतरते, पण उतरते. राय वरच्या खोलीत."

गाव कोणतं हे त्यांनी मला तिसऱ्या महिन्यात विचारलं.

गल्लीत त्यांना ठोकेकाका म्हणत. मीही तेच म्हणू लागलो, अर्थात पाठीमागे. ते एका मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. डॉक्टर नव्हते, प्राध्यापक नव्हते. मुलांसाठी प्रयोगाची मांडामांड करून देणारे होते. पण सबंध हयात त्यांनी हृदयाचे प्रयोग मांडले, आणि प्राध्यापक बदलत गेले तसे काकाच त्या खोलीतले सर्वांत जुने जाणकार ठरले. तोंडी परीक्षेला घाबरलेलं पोर उभं असलं की काका परीक्षकाच्या मागे जाऊन उभे राहत. उत्तर "ठोके वाढतात" असं असेल तर उजव्या खांद्यावरचं फडकं सारखं करायचं, "कमी होतात" असेल तर डाव्या. या फडक्यावर नागपुरातले अर्धे डॉक्टर पास झालेत असं ते सांगत. त्यातले निम्मे सोडून देऊ, तरी बरेच उरतात.

ते घड्याळ त्या प्रयोगशाळेतलंच. कॉलेजनं मोडीत काढलं आणि काकांनी मागून आणलं. ताटाएवढी तबकडी आणि लांब, लाल सेकंदकाटा. रोज सकाळी रेडिओच्या बातम्या लागल्या की ते स्टुलावर चढून ते लावत. मोबाईलमधली वेळ त्यांना मान्य नव्हती. काटा दिसत नाही ते घड्याळ कसलं, असं त्यांचं म्हणणं.

घड्याळाखाली दोन खुर्च्या समोरासमोर ठेवलेल्या असत आणि घरात एकच नियम होता. कोणतीही तक्रार, भांडण, रडगाणं किंवा आनंदाची बातमी घेऊन आलेल्या माणसानं आधी मनगट द्यायचं. ऐंशीच्या वर असेल तर बोलायचं नाही. खुर्चीत बसायचं, श्वास लांब सोडायचा, आणि खाली आल्यावर तोंड उघडायचं.

माझ्या पहिल्या उन्हाळ्यात हा नियम मी आरोपी म्हणून पाहिला. माझ्या खोलीतल्या कूलरची टाकी भरून वाहिली आणि पाणी थेट शेजारच्या मावशींच्या गच्चीवर. तिथे त्यांनी कुरडया वाळत घातल्या होत्या. मावशी फाटकातूनच सुरू झाल्या.

"पाहा तुमच्या भाडेकऱ्याचे धंदे. तीन दिवसाच्या कुरडया पाण्यात घातल्या त्यानं."

"हात द्या," काका म्हणाले.

"हात कायले? मी भांडाले आली."

"हो, भांडू ना. पहिले हात."

मावशींची एकशे चोवीस निघाली. माझीही घेतली, एकशे सोळा. "ऐंशीच्या खाली आल्यावर बोलू," काका म्हणाले आणि आम्हाला समोरासमोर बसवून कूलरचं गवत विंचरायला निघून गेले. आम्ही एकमेकांकडे डोळे वटारून बसलो. पण लाल काटा फिरत असताना डोळे फार वेळ वटारता येत नाहीत, आपोआप काट्याकडे जातात. काकूंनी पाणी आणून दिलं. अकरा मिनिटांनी मावशी अठ्ठ्याहत्तरवर आल्या. माझी अजून शहाऐंशी होती.

"याले बोलता येत नाही अजून. तुम्ही बोला," काका त्यांना म्हणाले.

मावशी थोडा वेळ आठवत राहिल्या. मग म्हणाल्या, "तोटी बंद करत जाय बाप्पा, इतकंच." संध्याकाळी त्यांनी तळलेल्या कुरडयांची ताटली पाठवली. त्या भिजलेल्यातल्या होत्या की कोरड्यातल्या, हे मी विचारलं नाही.

मी मुळात तापट माणूस. आर्वीकडच्या एका खेड्यातला, घरी शेती, वडिलांचा स्वभाव असा की बैलसुद्धा त्यांच्याकडे पाहून चालत. हिंगण्याच्या कारखान्यात कामाला लागलो तेव्हा पहिल्याच वर्षात माझी तिघांशी बोलचाल बंद होती. कंपनीच्या बसमध्ये कुठल्या सीटवर बसायचं याचा मला हिशेब करावा लागे. काकांनी माझा हा रोग पहिल्या मनगटातच ओळखला होता, आणि इलाज म्हणून त्यांनी मला बैलगाडी शिकवली. जन्मात त्यांनी बैल हाकला नव्हता.

"हे पाह्य," ते सांगत. "काळीज मंजे बैल. आपल्याच मनानं चालते. कोणी हाकललं नाही तरी चालते. डोक्यातून दोन नसा त्याच्याकडे येते. एक कासरा ओढते, दुसरी तुतारी मंजे टोकदार काठी टोचते. भांडणात तुतारी. झोपेत कासरा. समजलं?"

"समजलं."

"नाही समजलं. सांग, कासरा पुरा सोडला न तुतारीही नाही टोचली, तं किती ठोके?"

"सत्तर?"

"शंभर. बसल्या जागी शंभर. तुही सत्तर आहे म्हणजे आत कोणीतरी दिवसरात्र कासरा धरून बसलं आहे, तुह्यासाठी. न तू त्याले साधं थँक्यूही नाही म्हणत."

कासरा ओढायची युक्तीही त्यांनीच दिली. श्वास घेतला की नाडी जराशी पळते, सोडला की थबकते. म्हणून सोडायचा तो लांब सोडायचा. "बोटं ठेवून पाह्य. हलते का नाही? जिवंत नाडी हलते. घड्याळासारखी टकटक एकसारखी चालली का समज, काहीतरी बिघडलं." हे वाक्य त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की पुढे जे झालं त्यात मला स्वतःचा राग आला, तो त्यामुळेच.

कारखान्यात मी भांडण पेटायला लागलं की तीन बोटं मनगटावर ठेवून उभा राहू लागलो. लोकांना वाटलं, याला बीपी झालं. पण तीनपैकी दोघं पुन्हा बोलायला लागले. तिसऱ्याची चूक होती.

काकांच्या बोलण्यात बेडूक फार येत. त्यांच्या नोकरीत प्रयोग बेडकांवर होत. आता ते बंद झालेत आणि त्यांना त्याचं समाधान होतं. बेडकाचं हृदय काढून मिठाच्या पाण्यात ठेवलं तरी चालत राहतं, हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी ते जेवले नव्हते. "मालक मेला, न दुकान चालू," ते म्हणत. "तेव्हापासून मले पटलं, याले मालक लागत नाही." सर्वांत अवघड प्रयोग धाग्याचा. हृदयाचा वरचा कप्पा ठोका देतो, खालचा तो निरोप ऐकून आवळतो. दोघांच्या मधोमध धागा घट्ट बांधला की निरोप तुटतो. मग वरचा आपल्या गतीनं चालत राहतो, आणि खालचा थोडा वेळ थांबून आपल्या मनानं, अगदी धिमेपणानं सुरू होतो. मुलांचे हात थरथरत, म्हणून तो धागा काकाच बांधून देत. किती हजार बांधले याची त्यांनाही कल्पना नव्हती. शेवटी खालच्या कप्प्याला विजेची तार टेकवून तो पुन्हा भराभर चालवून दाखवायचा आणि प्रयोग संपवायचा.

त्या बेडकांची त्यांना लाज होती. पावसाळ्यात अंगणात बेडूक आले की ते एकेकाला बादलीत घालून मागच्या मोकळ्या प्लॉटवर सोडून येत. कोणी हसलं तर म्हणत, "हसू नको. यांच्या मंडळीचे माह्यावर लय उपकार आहे."

काकू या सगळ्याकडे फोडणीच्या धुराकडे पाहावं तसं पाहत. बुटक्या, गोऱ्या, मोजकं बोलणाऱ्या. एकदा मी विचारलं, काकू, तुमची नाडी मोजली की नाही काकांनी? तर म्हणाल्या, "लग्नात हातात हात देल्ला तं सगळ्याईले वाटलं पाणिग्रहण होऊन राहिलं. हे मोजून राहिले होते. भटजीले म्हणे, एक मिनिट थांबा."

"एकशे दहा होती," काका पेपरातून म्हणाले.

"न तुमची?"

"माही हलत नाही."

हा त्यांचा मोठा अभिमान. आपल्याला काही होत नाही. एकुलती एक मुलगी लग्न करून भिलाईला गेली तेव्हा सारा मांडव रडत होता आणि आपली चौसष्ट होती, असं ते सांगत. काकू लगेच म्हणत, "खोटं आहे. मांडवात घड्याळ कुठं होतं?" काका पेपर वर धरत. पण मनगट कुणाच्या हाती देत नसत. जगाची नाडी ते मोजत, त्यांची मोजायची परवानगी त्यांना स्वतःलाच होती, आणि आकडा ते रोज सकाळी स्वतःच जाहीर करत.

त्याचीही एक वेळ होती. आमच्याकडे नळ पावणेसहाला येत. नळ आले की काका खालच्या पाइपावर पाना तीनदा आपटत, आणि त्या आवाजानं मी वर उठून टाकीची मोटर लावत असे. मग जिन्यातून त्यांचा आवाज येई, "अठ्ठावन्न." हे झालं की माझा दिवस सुरू.

तिसऱ्या वर्षी हिवाळा सरता सरता तो आकडा उतरायला लागला. बावन्न. अठ्ठेचाळीस. होळीच्या सुमाराला बेचाळीस. काका खूश. "सायकलच्या शर्यतीवाल्यांची राहते अशी," ते गल्लीत सांगत फिरले. "तीस वर्षं सकाळी चाललो, श्वास सांभाळला, त्याचं फळ आहे." एकदा मुद्दाम माझ्यासमोर जिना चढून आले आणि धापा टाकत, घड्याळाकडे पाहत स्वतःची मोजली. "पाह्य. दोन खेपा चढलो तरी एक्केचाळीस. एकसारखी. घड्याळासारखी."

मला तेव्हाच खटकलं. ज्यांनी मला शिकवलं की चढायला हवी, उतरायला हवी, हलायला हवी, तेच न हलण्याचं कौतुक करत होते. दोनदा उठताना ते भिंतीला धरून उभे राहिलेलेही मी पाहिले. ऊन लागलं म्हणाले. पण मी कोण सांगणारा? ते गुरू, मी बसनं आलेला, एकशे आठवाला. गप्प राहिलो. ती माझी चूक होती, हे मी आजही कुणी विचारलं तर सांगतो.

मे महिन्यातल्या एका सकाळी मला जाग आली ती डोळ्यांवर ऊन येऊन. पाना वाजलाच नव्हता. घड्याळात पावणेसात, नळ जाण्याच्या बेतात, कंपनीची बस निघून गेलेली. मी तणतणत जिना उतरलो. मनात वाक्यं तयार होती, आणि आज मनगट देणार नाही असंही ठरवलं होतं.

काका नळाजवळ जमिनीवर बसले होते, पाठ भिंतीला. हातात पाना. बादली भरून पाणी अंगणभर वाहत होतं आणि ते त्याकडे दुसऱ्याचं असल्यासारखं पाहत होते. चेहरा राखेसारखा, कपाळ ओलं. काकू आत देवाजवळ. बाहेर हे मावशींशी बोलत असतील असं त्यांना वाटत होतं.

"काका, हात द्या."

"कायले?"

"द्या म्हणतो ना."

त्यांनी दिला. मी ओसरीतल्या काट्याकडे पाहून मोजू लागलो. एक ठोका यायचा आणि पुढच्याची मी वाट पाहायचो, इतकी वाट की मध्ये एकदा माझंच बोट चुकलं असं वाटलं. मिनिटात चौतीस.

"चांगली आहे ना?" काकांनी विचारलं.

"काका, हे चांगली नाही."

"चौतीस मंजे..."

"चांगली नाही, काका. तुम्हीच शिकवलं मले."

ते वाद घालायला निघाले होते, पण उभं राहता येईना. मी आणि काकूंनी त्यांना ऑटोत घातलं. काकू पुढे ऑटोवाल्याशेजारी, आम्ही मागे. मला रडू येत होतं, आणि ते लपवायला मी ऑटोवाल्यावर ओरडत होतो. तेवढ्यात माझ्या मनगटावर तीन गार बोटं आली. काकांनी डोळे मिटलेले होते. घड्याळ नव्हतं, पण आकडा सांगितलाच.

"एकशे तीसच्या वर आहे तुही. श्वास सोड. लांब सोड."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई चाळिशीच्या. कागद पाहत आल्या आणि खाटेजवळ येऊन थबकल्या. "काका, तुम्ही? फडकंवाले काका?" त्या उजव्या खांद्याच्या उत्तरावर पास झालेल्यांपैकी होत्या. काकांना त्या आठवत नव्हत्या. घाबरलेली पोरं सगळी सारखीच दिसत, म्हणाले.

बाईंनी सरळच सांगितलं. पेसमेकर बसवावा लागेल, आणि आजच. नाहीतर पुढची चक्कर कुठे येईल आणि त्यातून उठाल की नाही, हे कुणी सांगू शकणार नाही.

"नाही," काका म्हणाले.

काकूंनी पदराचं टोक दोन्ही हातांनी पिळलं.

"सारी हयात मी पोट्ट्याईले सांगितलं, याले मालक लागत नाही. आता छातीत दुसऱ्याचं इंजिन बसवू? त्याच्या इच्छेनं चालू? माही नाडी चांगली आहे. शिस्तीची आहे."

मी समजावलं, काकूंनी भिलाईला फोन लावून मुलीला बोलायला लावलं. काका भिंतीकडे तोंड करून पडले. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की बोटं मनगटावर ठेवायचंही सुचलं नाही. तीन वर्षं ज्यांनी माझा राग उतरवला ते आपल्या एका आकड्याच्या मायेपायी जीव घालवायला निघाले होते.

बाई मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी हृदयाच्या आलेखाची लांब पट्टी काकांच्या पोटावर ठेवली आणि म्हणाल्या, "काका, तोंडी परीक्षा आहे. हे काय आहे, तुम्हीच सांगा."

काका भिंतीकडून इकडे वळले. मग म्हणाले, "चष्मा." चष्मा दिला. "पेन्सिल. न पेपरचा तुकडा." बाईंनी कोऱ्या कागदाची कडा फाडून दिली. काकांनी ती पट्टीवर धरली. पट्टीवर बारके उंचवटे होते आणि मोठे सुळके होते. आधी त्यांनी बारक्या उंचवट्यांपाशी खुणा केल्या, कडा पुढे सरकवली; खुणा बरोबर जुळल्या. मग मोठ्या सुळक्यांपाशी केल्या, सरकवली, त्याही जुळल्या. पण पहिल्या खुणांचा दुसऱ्या खुणांशी काही संबंध नव्हता. त्यांनी तिसऱ्यांदा ताडून पाहिलं. एकही खूण चुकत नव्हती.

"वरचा कप्पा अठ्ठ्याऐंशीनं चालून राहिला," ते हळू म्हणाले. "खालचा चौतीसनं. आपापल्या मनानं. मधातला निरोप तुटला."

"म्हणजे काय झालं, काका?"

त्यांनी चष्मा काढला. "धागा," ते म्हणाले. "माह्या आत कोणीतरी धागा बांधला."

हजारो धागे बांधलेला माणूस स्वतःचा एक धागा तीन महिने शिस्त म्हणून मिरवत होता. हे त्यांना कळत होतं ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं, आणि मला ते पाहवेना. मग त्यांच्या ओठाचा एक कोपरा वर गेला.

"बेडकाईनं पकडलंच मले शेवटी," ते म्हणाले.

काकूंना हसू फुटलं आणि त्यातच रडूही.

"मशीन खालच्याले मारते का ठोका? आपल्या मनानं?" काकांनी बाईंना विचारलं.

"नाही. एक तार वरच्या कप्प्यात, एक खालच्या. वरचं ऐकायचं न खाली पोचवायचं, बस. वरचा पळाला तर हेही पळेल, तो थबकला तर हेही थबकेल."

"मंजे हुकूम माहाच."

"तुमचाच."

"मशीन फक्त पोस्टमन."

"हो, काका."

"लावा मंग," ते म्हणाले. "मी बेडकाईले तार लावली, ते कधी नाही म्हटले नाही."

बाईंनी जाताना पांढरा कोट उजव्या खांद्यावर उगाचच सारखा केला. काकांनी ते पाहिलं आणि पहिल्यांदा मनापासून हसले.

पेसमेकर बसल्यावर काकांत एक फरक पडला. ते मनगट देऊ लागले. गल्लीतलं कुणीही यावं, मोजावं. जिना चढवून मोजायला लावायचे, आणि शंभराच्या पुढे गेली की पोरगं पहिल्या नंबरात आल्यासारखे सगळ्यांकडे पाहायचे. "हलते पाह्य. चढते. न उतरते." मावशींनी तर कुरडया आणून दिल्यावर मोजली आणि सांगितलं, कुरडई पाहून चारनं वाढली. सकाळी पाना पुन्हा वाजू लागला. जिन्यातून आता ते आकडा सांगत नसत. "मोजून जाय," म्हणत. बसला जाताना मी मोजून जात असे.

पुढच्या दिवाळीनंतर कंपनीनं मला पुण्याकडच्या कारखान्यात शिफ्टचा प्रमुख करून पाठवायचं ठरवलं. डोकं थंड ठेवणारा माणूस, असं साहेबांनी माझ्याबद्दल लिहिलं होतं. मी तो कागद काकांना दाखवला. त्यांनी आधी मनगट मागितलं, मग कागद वाचला, आणि "हं," म्हणाले.

निघायच्या दिवशी सकाळी टेम्पोत गादी, कूलर, दोन पेट्या आणि पुस्तकांचं खोकं चढवलं. काका घड्याळाखालच्या खुर्चीत पेपर वाचत होते. सकाळी घड्याळ लावून बसले ते उठले नव्हते. काकू आत शिदोरी बांधत होत्या. मी काकांच्या पाया पडलो.

"जाऊन राहिला?"

"हो."

"जाय. चांगलं आहे." पान उलटलं. "कूलरमधलं पाणी काढलं का? टेम्पोत सांडन."

"काढलं."

"तोटी?"

"बंद आहे."

त्यांनी पुन्हा पेपरात डोकं घातलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. साडेतीन वर्षं ज्यांच्या पान्यावर उठलो, त्यांना माझ्यासाठी कूलरच्या तोटीपलीकडे काही सुचू नये. मी चप्पल घातली आणि फाटकापर्यंत गेलो.

"ऐक गा."

वळून पाहिलं. पेपर मांडीवर होता, आणि उताणा हात पुढे.

"मोज."

मी परत येऊन समोरच्या खुर्चीत बसलो, तीन बोटं ठेवली, लाल काटा बाराला येऊ दिला. एक मिनिट.

"शहाण्णव, काका."

"पुन्हा मोज."

पुन्हा मोजली. "शहाण्णवच आहे. मशीन तर..."

"मशीनले काय समजते?" ते रस्त्याकडे पाहत म्हणाले. "ते निरोप पोचवते. हुकूम वरूनच येते."

मग मला नियम आठवला.

"ऐंशीच्या वर आहे. नियमानं बोलता येत नाही. बसा लागन."

"बसतो ना. तूही बैस."

आम्ही बसलो. टेम्पोवाल्यानं एकदा हॉर्न दिला, मग नाद सोडून बिडी पेटवली. काकांनी मला शिकवला तसा लांब श्वास सोडला. मीही सोडला. त्यांचं मनगट माझ्या बोटांखालीच होतं. मी ते काढलं नाही आणि त्यांनीही ओढून घेतलं नाही. लाल काटा पाच वेळा फिरला. मग मी मोजली.

"किती?"

"एकशे दोन."

"उतरली नाही?"

"चढली, काका."

ते मान वर करून घड्याळाकडे पाहत राहिले. डोळे पुसायला त्यांना चष्मा काढावा लागला असता, तो त्यांनी काढला नाही.

"घड्याळ मागं पडून राहिलं वाट्टे," ते म्हणाले.

काकू शिदोरी घेऊन दारात उभ्या होत्या.

"घड्याळ बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "सकाळीच लावलं तुम्ही."